कंपवात आणि सकाळची चक्कर: आधी पाणी, आधी गोळी की आधी पट्टा?

पळस
कंपवाताच्या (पार्किन्सन) रुग्णाला सकाळी उठताना चक्कर येते. त्यावर तीन उपाय सगळेच सांगतात: उठण्याआधी दोन ग्लास पाणी, पोटाला पट्टा, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच. पण कोणता आधी, कोणता नंतर आणि मध्ये किती वेळ, हे कुठे नीट सापडत नाही. अडचण अशी की हे उपाय एकमेकांच्या पायात येतात. कंपवाताच्या मुख्य औषधाची, लेव्होडोपाची, पहिली गोळी उपाशीपोटी घ्यायची, आणि तीच बीपी आणखी उतरवते. पाणी भराभर प्यायचं तर ठसका लागतो. प्यायलं की लघवीची घाई होते आणि माणूस त्याच घाईत पडतो.

रुग्ण सत्तरीतला, गोळी सकाळी सहाची, झोपायला पेटीचा दिवाण. 11 एप्रिलला जागतिक पार्किन्सन दिन असतो, आणि नेमकं तेव्हाच आपल्या नागपुरात ऊन पेटायला लागतं. त्यामुळे पुढचे दोन महिने डोळ्यांपुढे ठेवून सांगा. सकाळचा पहिला अर्धा-पाऊण तास कसा बसवायचा?

वैनगंगा
क्रमाआधी एक विचारते. चक्कर म्हणजे नेमकं काय होतं? आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द आहे.

खोली गरगर फिरते, ती भोवळ. कुशीवर वळताना किंवा मान वर करताना येते, मिनिटभराच्या आत थांबते, आणि झोपल्या झोपल्याही येते. हा बहुधा कानातल्या कणांचा प्रकार. तो डोकं ठरावीक क्रमाने वळवून बरा करता येतो, त्याला पाणी-पट्टा लागत नाही.

उठून बसलं किंवा उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, पायांतलं बळ गेल्यासारखं, मानेपासून खांद्यांपर्यंत दुखणं, आणि आडवं होताच बरं वाटणं: हा उभं राहिल्यावर बीपी पडण्याचा प्रकार. मान-खांद्याचं दुखणं लोक सांगतच नाहीत, कारण त्याचा चक्करशी संबंध असेल असं वाटत नाही.

तिसरा, डोकं साफ पण तोल जातो. तो मूळ आजाराचा. पाणी पिऊन तोल सुधारत नाही.

एकाच माणसाला तिन्ही असू शकतात. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर पहाटेची साखर आधी बघायची.

पळस
दुसरा प्रकार, ताई. अंधारी येते, पुन्हा बसलं की जाते. मान दुखते हे विचारलंच नव्हतं. विचारलं तर हो म्हणाले.

संत्राबर्फी
डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत मेडिकलमधून चक्करची गोळी आणून द्यायला काय हरकत आहे? बहुतेक घरांत असतेच ती.

वैनगंगा
हरकत आहे, आणि मोठी आहे. कंपवातात मेंदूत डोपामिन कमी पडतं. चक्कर-मळमळीच्या बऱ्याच गोळ्या डोपामिनचंच काम अडवतात: प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, फ्लुनारिझिन, उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाइड. काही दिवसांत किंवा आठवड्यांत हात-पाय आणखी कडक होतात, चाल अडखळते, आणि घरच्यांना वाटतं आजारच वाढला. बीटाहिस्टिन डोपामिनला अडवत नाही, पण ते कानाच्या भोवळीचं औषध आहे. पडणाऱ्या बीपीला त्याचा उपयोग नाही. पाकिटावरचं मोठं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं नाव वाचा.

चारोळी
यात घरगुती चूर्णंही धरा. खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असतं, खरोखर असतं. गोळी चालू असताना वरून चमचाभर चूर्ण म्हणजे मोजमाप नसलेला वाढीव डोस. सकाळी दुधातून चूर्ण आणि लगेच गोळी घेणाऱ्याला अंधारी का येते, हे वेगळं शोधायला नको. न्यूरोलॉजिस्टला या चूर्णाबद्दल सांगा, लपवू नका.

फुटाळा
मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. बीपीचं दंडाचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं नको. पाच मिनिटं आडवं पडू द्या, मग बीपी आणि नाडी. उभं करा, एका मिनिटाने पुन्हा, तीन मिनिटांनी पुन्हा. मागे खुर्ची टेकलेली हवी आणि शेजारी माणूस हवा. उभं राहवत नसेल तर पाय खाली सोडून बसवून मोजा, तेवढ्यावरही अंदाज येतो.

वरचा आकडा 20 किंवा जास्त, अथवा खालचा 10 किंवा जास्त उतरला तर बीपी पडतो म्हणायचं. झोपून मुळातच जास्त असेल तर वरच्यासाठी 30 धरतात.

नाडी अजिबात विसरू नका. समजा झोपून 158/86, नाडी 72. उभं राहून तीन मिनिटांनी 104/64, नाडी 76. बीपी 54 ने पडला आणि नाडी फक्त 4 ने वाढली. नाडीतली वाढ भागिले वरच्या आकड्यातली घट, हे उत्तर 0.5 पेक्षा कमी आलं तर दोष बीपी सांभाळणाऱ्या नसांकडे (मज्जातंतूंकडे) असल्याचा संशय घट्ट होतो. अंगात पाणी कमी असलं आणि नसा शाबूत असल्या तर नाडी चांगली पळते. (हृदय मंदावणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा हिशेब लागू नाही.)

हात थरथरत असेल तर मशीन एरर देतं किंवा भलता आकडा दाखवतं. कमी थरथरणाऱ्या हाताला मशीनचा पट्टा बांधा. उभं असताना कोपर हृदयाच्या उंचीवर उशीने नाहीतर टेबलाने आधार देऊन ठेवा. हात खाली लोंबता राहिला की आकडा खोटाच जास्त येतो आणि खरी घसरण लपते. तीन दिवस मोजा: उठताना, गोळीनंतर तासाभराने, न्याहारीनंतर तासाभराने, आणि रात्री आडवं झाल्यावर. कालनिर्णयच्या चौकोनात लिहून ठेवलंत तरी डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

निर्झरा
पण सकाळीच का जास्त? रात्रभर आराम झालेला असतो, तर उलट ठीक असायला हवं ना?

फुटाळा
उभं राहिलं की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पोटात आणि पायांत उतरतं. निरोगी माणसात नसांच्या टोकाशी नॉरअॅड्रिनलिन नावाचं रसायन सुटतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि आपल्याला कळतही नाही. कंपवातात ह्या आपोआप चालणाऱ्या नसाही झिजतात, मग आवळण्याचा हुकूम पोचत नाही.

रात्री उलटं होतं. अशा बऱ्याच जणांचा बीपी आडवं झालं की वाढतो. त्याचा दाब मूत्रपिंडावर येतो आणि रात्रभर मीठ-पाणी लघवीवाटे जातं. तीन-चारदा उठणं होतं ते प्रोस्टेटमुळेच असतं असं नाही. पहाटेपर्यंत टाकी रिकामी, पोट रिकामं, आणि त्यावर गोळी. म्हणून सकाळ वाईट.

तेलनखेडी
म्हणूनच पलंगाचा उपाय रात्रीचा आहे, सकाळचा नाही. डोक्याकडून उतार दिला की मूत्रपिंडावरचा दाब कमी होतो आणि पाणी अंगात राहतं. फायदा यायला काही रात्री जातात. एका रात्रीत फरक नाही म्हणून पलंगाखाली ठेवलेल्या विटा काढून टाकू नका.

उशा रचणं म्हणजे उतार नव्हे. उशांनी माणूस कमरेत किंवा मानेत वाकतो, पाय आडवेच राहतात, वर मान आखडते. अख्खा पलंग कलायला हवा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली 6 ते 9 इंच उंची. सव्वासहा फुटी पलंगाला 9 इंच म्हणजे साधारण सात अंश. पहिल्या रात्री 3 इंच, दोन-तीन दिवसांनी 6, मग 9. सरळ 9 दिलं तर माणूस रात्रभर खाली घसरतो आणि सकाळी उपाय नको म्हणतो.

सुट्या विटा सरकतात. सुताराकडून लाकडी ठोकळे करून घ्या, वर पाय बसेल अशी दीड-दोन इंच खोल खाच, खाली रबराचा तुकडा. नुसती फरशी असेल तर रबर हवंच. पायथ्याशी फळी किंवा घट्ट लोड लावा. चादर सुती, सॅटिनची नको.

पळस
पण दिवाण पेटीचा आहे, पाय नाहीतच. त्याचं काय?

तेलनखेडी
पेटी रिकामी करा. वर सहा बाय तीन फुटांची 18 मिमी प्लायची फळी टाका, आणि डोक्याकडे तिच्याखाली 9 इंची, मध्यावर साडेचार इंची आडवी लाकडं स्क्रूने पक्की करा. फळीवर गादी. डोक्याकडून पायापर्यंत एकच सलग उतार हवा, पाठीपुरता तिकोनी तुकडा नको. कडेला उंची वाढते, त्यामुळे बसल्यावर पाय जमिनीला टेकतात का ते पाहा. टेकत नसतील तर कडेच्या मधोमध पक्की, न डगमगणारी पायरी ठेवा. हलका पाट ठेवू नका, तो पायाखालून निसटतो.

संत्राबर्फी
गोंधळ होतोय. चक्कर आली की आडवं करून पाय वर करा म्हणतात, आणि इथे डोकं वर म्हणताय. नक्की काय?

वैनगंगा
दोन्ही, पण वेळ वेगळी. अंधारी आली त्या क्षणी आडवं करायचं, पाय वर उचलायचे. बेशुद्ध होणाऱ्या माणसाला काखेत हात घालून उभं धरून ठेवणं ही सगळ्यांत वाईट मदत. मेंदूला रक्त मिळायला त्याला आडवंच व्हायचं असतं आणि आपण होऊ देत नाही. शुद्ध आली, पाच-दहा मिनिटं गेली, की हळूच बसतं करा. झोपेच्या वेळी मात्र डोकं वर. दुपारची वामकुक्षीसुद्धा आरामखुर्चीत, पाय खाली ठेवून. दिवसा सपाट झोपणं टाळा.

कळमना
सकाळी लिंबू-मीठ-साखरेचं सरबत द्या जी. साध्या पाण्यापेक्षा चांगलं. उन्हाळ्यात तर पाहिजेच.

फुटाळा
कळमनाभाऊ, दिवसभरासाठी मीठ ठीक, पण पहाटेच्या त्या दोन ग्लासांत नको. इथे साध्या पाण्याचंच काम वेगळं आहे. साधं पाणी पोटातून खाली उतरलं की तिथला क्षारांचा जोर अचानक सौम्य होतो, आणि त्यातून एक प्रतिक्षिप्त क्रिया सुरू होते जी उरलेल्या नसांना चेतवून बीपी चढवते. मीठ घातलं की तो धक्का कमी होतो. साखर तर उलट पोटाकडे रक्त ओढते.

सुमारे 480 मिली, म्हणजे घरातले दोन मध्यम ग्लास, पाच मिनिटांत. थंड चालेल, माठातलं उत्तम. पाच मिनिटांत चढायला लागतं, अर्ध्या तासाच्या आसपास कळस, तासाभराने ओसरतं. तेच पाणी घोट-घोट करून दोन तासांत संपवलं तर हा परिणाम मिळत नाही.

कळमना
हे माहीत नव्हतं जी. मग मीठ केव्हा द्यायचं, आणि किती?

फुटाळा
जेवणातून, ताकातून, दिवसभरात विभागून. एक सपाट चहाचा चमचा म्हणजे साधारण 5-6 ग्रॅम मीठ. रोजच्या जेवणापेक्षा किती वाढवायचं ते डॉक्टरांनीच सांगावं, कारण हृदय कमजोर असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रात्रीचा बीपी खूप चढत असेल तर मीठ घात करतं. पाण्याचंही तसंच, हृदयाच्या रुग्णाला बऱ्याचदा दिवसाचं पाणी मोजून दिलेलं असतं.

निर्झरा
गिळण्याचा प्रश्न राहिला. कंपवातात पाच मिनिटांत अर्धा लिटर हे प्रत्येकाला झेपत नाही. ठसका न लागताही पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. पाजण्याआधी ताठ बसवा, पडल्या पडल्या कधीच नको. हनुवटी किंचित छातीकडे, एका वेळी एकच घोट, गिळून झाल्यावर पुढचा. पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घुरघुरता येत असेल किंवा वारंवार ताप-खोकला होत असेल तर हा उपाय थांबवून आधी गिळण्याची तपासणी करून घ्या. पाण्यात घट्ट करायची पावडर घ्यायला सांगितलेल्यांनी तर विचारल्याशिवाय नकोच.

आणि लघवी. पाणी देण्याआधीच पलंगावर किंवा पलंगाच्या कडेला बसून भांड्यात करू द्या. पुरुषांनीही बसूनच. उभ्याने लघवी करताना बीपी आणखी पडतो, बाथरूमच्या दारात पडण्याचं ते मोठं कारण आहे.

रातराणी
पट्ट्याबद्दल. बाळंतिणीचं पोट बांधायची आपली जुनी रीत आठवा, काम तसंच. रक्त पोटात साचतं तिथेच दाब द्यायचा. गुडघ्यापर्यंतचे मोजे घेऊन पैसे घालवू नका. कमरेपर्यंतचे घट्ट मोजे उपयोगी असतात, पण थरथरत्या हातांनी ते चढत नाहीत आणि नागपूरच्या मे महिन्यात कोणी घालतही नाही.

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर देतात तो 9-10 इंच रुंद, वेलक्रोचा इलॅस्टिक पट्टा मागा. दुकानदार आत ताठ पट्ट्या असलेला कमरेचा पट्टा पुढे करतो, तो पाठीचा आधार आहे, तो घेऊ नका. आत पातळ सुती बनियन. आडवं असतानाच बांधायचा: वरची कड शेवटच्या बरगडीखाली, खालची कड कमरेच्या हाडांवर, खालच्या पोटावर जास्त घट्ट. बसल्यावर श्वास मोकळा घेता आला पाहिजे. उठून बसल्यावर बांधला तर रक्त आधीच खाली उतरलेलं असतं, उपयोग अर्धा होतो. गरम पाण्याने धुऊ नका, उन्हात वाळवू नका, इलॅस्टिक ढिलं पडतं. दोन पट्टे ठेवा, घामाने रोज बदलावा लागतो.

चारोळी
न्याहारीवर कोणी बोललं नाही. जेवणानंतर रक्त आतड्यांकडे जातं आणि तासा-दोन तासांत बीपी पुन्हा पडतो. भरपूर पोहे, वर गोड चहा, आणि मग लगेच गरम पाण्याची अंघोळ, हे तिन्ही एकापाठोपाठ म्हणजे हमखास पडणं. तर्री-पोहे सोडायला नकोत, ताटली निम्मी करा आणि उरलेले दोन तासांनी द्या. अंघोळ न्याहारीआधी नाही आणि लगेच नंतरही नाही, मध्ये दीड-दोन तास. पाणी कोमट, स्टुलावर बसून, आणि शेवटी उठण्याआधी पायांवर दोन लोटे गार पाणी.

लेव्होडोपा आणि डाळ-दूध-अंडं यांत मात्र अर्धा-पाऊण तास अंतर राहू द्या, प्रथिनांनी गोळी नीट शोषली जात नाही.

पळस
गोळीनेच बीपी उतरतो तर ती उशिरा दिली किंवा निम्मी केली तर?

वैनगंगा
स्वतःहून नको, काका. लेव्होडोपा अचानक बंद केलं तर ताप, अंग कडक होणं, शुद्ध हरपणं इथपर्यंत जाऊ शकतं. आधी बाकीची चिठ्ठी तपासायला सांगा: प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन किंवा प्राझोसिन, जुन्या बीपीसाठी चालूच राहिलेली अॅम्लोडिपिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, जुन्या धाटणीच्या नैराश्याच्या गोळ्या, कंपवाताच्याच प्रामिपेक्सोल-रोपिनिरोल. कंपवात नसताना लावलेली बीपीची गोळी दहा वर्षं तशीच चालू, हे फार दिसतं.

नंतरच बीपी चढवणारं औषध. मिडोड्रिनचा परिणाम काही तासच टिकतो आणि शेवटचा डोस आडवं होण्याच्या किमान चार तास आधी, नाहीतर रात्री बीपी भलता चढतो. डोक्याच्या कातडीला मुंग्या, अंगावर काटा येतो, लघवी अडू शकते. फ्लुड्रोकॉर्टिसोनने अंगात मीठ-पाणी धरलं जातं, पण पोटॅशियम घसरतं आणि पायांवर सूज येते, म्हणून अधूनमधून रक्त तपासावं लागतं.

आणि एक: आजाराच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच उभं राहता येऊ नये इतका बीपी पडतोय, लघवी अडते, झोपेत घशातून शिट्टीसारखा आवाज येतो, लेव्होडोपाचा गुण नाही, तर हा साधा कंपवात आहे की मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफी (कंपवातासारखा दिसणारा दुसरा आजार), हे न्यूरोलॉजिस्टना स्पष्ट विचारा. नागपुरातली एम्स, मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं, धंतोलीतले दवाखाने, कुठेही दाखवत असाल तर बीपीच्या नोंदी सोबत न्या.

निर्झरा
सकाळी योग करणाऱ्यांसाठी: कपालभाती आणि भराभर श्वास नकोत, अशा रुग्णांत त्यानेही बीपी पडतो. शवासनातून झटक्यात उठणं नको. त्याऐवजी उभं राहिल्यावर पाय एकमेकांत अडकवून मांड्या आणि नितंब अर्धा मिनिट आवळणं, किंवा मुठी घट्ट. तोल जात असेल तर पाय अडकवू नका, ओटा धरून टाचा उचला, किंवा बसून एक पाय दुसऱ्या मांडीवर ठेवा.

फुटाळा
आता पळस यांचा मूळ प्रश्न. मला क्रम असा दिसतो, गोळी सहाची धरून:

साडेपाचला डोळे उघडले की पडल्या पडल्याच टाचा पुढे-मागे वीसेक वेळा, गुडघे दुमडून सोडणं. मग पट्टा. मग पाठीला टेकू देऊन ताठ बसवा, पाय गादीवरच. भांडं. पाच मिनिटांत दोन ग्लास पाणी, त्यातल्याच शेवटच्या घोटांबरोबर गोळी. मिडोड्रिन दिलं असेल तर तेही याच वेळी, डॉक्टरांना विचारून, आणि ते घेतल्यावर पुन्हा आडवं होऊ द्यायचं नाही. पंधरा मिनिटं तसंच बसू द्या. मग पाय खाली, दोन मिनिटं. मग उभं, पलंगाला टेकून एक मिनिट, आणि त्यानंतरच पाऊल. न्याहारी पावणेसातला.

पाण्याने बीपी चढण्याची आणि गोळीने तो उतरायला लागण्याची वेळ साधारण जुळते, म्हणून गोळी पाण्यासोबत ठेवली.

रातराणी
फुटाळादादा, पट्टा पाण्याआधी बांधला तर भरलेल्या पोटावर दाब येऊन पाणी उलटतं काहींना. ज्यांना आंबट ढेकर, छातीत जळजळ आहे त्यांनी आधी पाणी घ्यावं, दहा मिनिटांनी उतारावर रेलून पट्टा बांधावा आणि मगच पाय खाली सोडावेत. उभं राहण्याआधी पट्टा, एवढं पाळलं तरी चालतं.

फुटाळा
बरोबर. तो बदल करून घ्या.

कळमना
आणि कूलरचं सांगतो जी. रात्री बारीक नळी गळून खोलीची फरशी ओली होते, पहाटे अंधारात पाय तिथेच पडतो. टाकी झोपण्याआधीच भरा, पलंग ते बाथरूम रात्रदिवा लावा. नवतप्यात (मे-अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) घाम न दिसताही पाणी उडून जातं, तेव्हा दुपारी ताक, अंबाडीचं सरबत असं चालू ठेवा.

वैनगंगा
घरच्यांनी हे मात्र घरात थांबून पाहू नये: एका बाजूचं बळ जाणं, बोलणं अडखळणं, छातीत दुखणं, काहीही न जाणवता थेट कोसळणं, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार. 108 लावा.

पळस
पट्टा आज आणला, फळीचं माप सुताराला दिलं. एकच राहिलं: पट्टा काढायचा केव्हा?

रातराणी
आडवं होण्याआधी, दर वेळी. झोपून पट्टा राहिला तर रात्रीचा बीपी आणखी चढतो आणि पहाटे लघवी जास्त जाते. दुपारी आरामखुर्चीत रेलताना थोडा सैल केला तरी पुरे. संध्याकाळी काढला की उशाशी ठेवा, कपाटात नको, नाहीतर सकाळी तो आणायलाच उठावं लागेल.